मसल कार दान करायची आहे? फोन फिरवण्याआधी एवढं वाचा

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. १९९५ पासून, २०२० सोडलं तर दरवर्षी. मैलोन् मैल रांगा, पेट्रोलचा वास, आणि छातीत घुमणारा व्ही-८ इंजिनाचा आवाज. आम्ही मिशिगनकर मराठी लोक खुर्च्या आणि चिवड्याचे डबे घेऊन फुटपाथवर बसतो. त्या गर्दीत हमखास कोणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "गाडी आता चालवणं होत नाही हो, मुलांना रस नाही. दान करून टाकावी म्हणतो. रेडिओवर सांगतात त्या नंबरला फोन केला की झालं ना?"

होतं, तसंही होतं. दोन-चार दिवसांत फ्लॅटबेड ट्रक येतो, गाडी जाते, यथावकाश पावती येते. पंधरा वर्षं वापरलेली कॅमरी द्यायची असेल तर हाच रस्ता उत्तम, पुढचं काही वाचू नका. पण गॅरेजमध्ये १९७० ची चॅलेंजर किंवा १९६९ ची कॅमॅरो उभी असेल, तर त्या एका फोनमध्ये तुमची हजारो डॉलरची करवजावट बुडू शकते आणि संस्थेच्या पदरातही गाडीच्या मोलाचा लहानसा हिस्साच पडतो.

मी स्वतः या खड्ड्याच्या काठापर्यंत जाऊन आलोय. १९९८ साली ९ हजार डॉलरला घेतलेली १९६९ ची पोंटियाक फायरबर्ड ४०० कन्व्हर्टिबल. पुढे दहा-बारा वर्षांत तिच्यावर आणखी १४ हजार खर्च केले. गुडघे क्लचला नाही म्हणू लागले तेव्हा मी असाच एका मध्यस्थ कंपनीला फोन केला होता. मंगळवारी ट्रक येणार होता. सोमवारी आमच्या सीपीएने (कराचे हिशेब बघणाऱ्याने) सहज विचारलं, "ती संस्था त्या गाडीचं करणार काय?" मला उत्तर देता आलं नाही. ट्रक रद्द केला. हा सगळा लेख त्या एका प्रश्नाचा विस्तार आहे.

पहिली पायरी: तुमची गाडी कुठल्या गटातली?

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या साध्या गाडीत बसवलेलं दांडगं इंजिन. १९६४ च्या पोंटियाक जीटीओपासून ही पिढी सुरू झाली असं बहुतेक जण मानतात. १९७० च्या सुमारास ती ऐन भरात होती, आणि मग विम्याचे हप्ते, प्रदूषणाचे नियम आणि १९७३ चं तेलसंकट यांनी तिचा गळा आवळला. नव्या पिढीतली चॅलेंजर आणि कॅमॅरो २०२३ च्या डिसेंबरात बंद झाल्या. मस्टँग तेवढी चालू आहे. पण इतिहास राहू द्या. कराच्या दृष्टीने प्रश्न एकच: घेतली तेव्हापेक्षा गाडीची किंमत वाढली की घटली?

नवी मसल कार, म्हणजे २०१५ ची हेलकॅट किंवा २०१८ ची मस्टँग जीटी, बहुधा घटलेली असते. तिथे हिशेब सरळ आहे. संस्थेने विकून जेवढे पैसे आले तेवढीच वजावट. हा नियम २००५ पासून लागू आहे. त्याआधी लोक किमतींच्या गाइडमधला चढा भाव लावून मोकळे होत, आणि आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याला, त्याचा उबग आला होता.

जुनी गाडी बहुधा वाढलेली असते, आणि घोडं पेंड खातं ते इथे. एक वर्षाहून जास्त काळ तुमच्याकडे असलेली, किंमत वाढलेली वस्तू तुम्ही एखाद्या संस्थेला दिलीत आणि त्या संस्थेला आपल्या मूळ कामासाठी तिचा उपयोग नसेल, तर वजावट तुमच्या मूळ गुंतवणुकीपुरतीच मिळते. खरेदीची किंमत अधिक गाडीची किंमत वाढवणारा खर्च, याला इथे बेसिस म्हणतात. वाढीव भाग वजावटीतून गळतो.

माझेच आकडे घ्या. ९ अधिक १४, म्हणजे बेसिस २३ हजार. बाजारभाव ५५ हजार. अनाथ मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गाडी दिली, तिने लिलावात ५० हजारांना विकली, तर मला वजावट २३ हजारांची. हीच गाडी मोटारींच्या संग्रहालयाने प्रदर्शनात ठेवली, किंवा गाडीदुरुस्ती शिकवणाऱ्या कॉलेजने विद्यार्थ्यांच्या हातात दिली, तर पूर्ण ५५ हजारांची, कारण तिथे गाडी त्यांच्या मूळ कामालाच लागते. गाडी तीच आणि देणाराही तोच, फरक ३२ हजारांचा.

यात एक सुखद अपवाद आहे, तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. गाडी वारसाने मिळाली असेल तर बेसिस मूळ खरेदीचा राहत नाही; मालकाच्या मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव हाच नवा बेसिस. वडिलांनी १९७१ मध्ये ४ हजारांना घेतलेली गाडी ते गेले तेव्हा ६० हजारांची होती, तर तुमचा बेसिस ६० हजार. मग संस्थेने ती विकली तरी विक्रीच्या रकमेएवढी वजावट जवळपास पूर्ण मिळते. (नवरा-बायकोच्या जोडनावावर असलेल्या गाडीत बहुतेक राज्यांत अर्ध्याच हिश्शाला हा नियम लागतो. तिथे सीपीएला विचाराच.)

आणि मुळात वजावटीचा उपयोग होणार आहे का?

नव्याने इकडे आलेल्या आपल्या लोकांचा नेहमीचा गैरसमज: ५ हजारांची वजावट म्हणजे ५ हजार परत. तसं नाही. उत्पन्नातून ५ हजार वजा होतात. २४ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर वाचतो १,२०० डॉलर. तोही तुम्ही शेड्यूल ए भरून एकेक वजावट मांडत असाल तरच. जोडीने कर भरणाऱ्यांना सरसकट वजावटच २०२५ साठी ३१,५०० डॉलरची आणि २०२६ साठी ३२,२०० ची आहे. घरकर्जाचं व्याज, स्टेट टॅक्स आणि देणग्या मिळून त्याच्यावर जात नसतील तर गाडीच्या पावतीचा कराला उपयोग शून्य. २०२६ पासून सरसकट वजावट घेणाऱ्यांनाही थोड्या देणगीची सूट आहे, पण फक्त रोख देणगीची. गाडी त्यात बसत नाही. शिवाय त्याच वर्षापासून शेड्यूल ए भरणाऱ्यांच्या देणग्यांतला उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याएवढा पहिला भाग मोजलाच जात नाही.

कर वाचणार नसेल तर दान करू नये असं मी म्हणत नाही. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी नवऱ्याची मस्टँग दिली तेव्हा त्यांनी फॉर्मकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण आकडा आधी माहीत असावा, नंतर चुटपुट नको.

दुसरी पायरी: कोणाला द्यायची?

संग्रहालयांचं आकर्षण सगळ्यांना असतं. लॉस एंजेलिसचं पीटरसन, टकोमाचं अमेरिकाज कार म्युझियम, हर्शीचं एएसीए म्युझियम, आणि आमच्या मिशिगनात हिकरी कॉर्नर्सचं गिलमोर. पण जरा वास्तवाकडे बघू. पहिल्या वर्षभरात फोर्डने ४ लाखांहून जास्त मस्टँग विकल्या होत्या. तुमची लाल हार्डटॉप कितीही लाडकी असली तरी संग्रहालयाकडे तशी एक आहेच, आणि दुसरी ठेवायला जागा नाही. १९७१ च्या हेमी कुडा कन्व्हर्टिबलसारखी डझनाच्या आसपासच बनलेली गाडी असेल तर ते स्वतः विमानाने येतील. बाकीच्यांनी पत्र, फोटो आणि गाडीची जन्मकुंडली पाठवून वाट पाहावी. संग्रहालयात गाड्या घ्यायच्या की नाही हे समिती ठरवते, त्याला महिने लागतात. आणि ते "हो" म्हणाले तर लगेच विचारा: कायमच्या संग्रहात ठेवणार, की विकून निधी उभारणार? दोन्ही गोष्टी ते उघडपणे करतात, त्यात लपवाछपवी नसते, पण वजावटीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

माझ्या मते बहुतेकांसाठी खरा चांगला पर्याय शिक्षणसंस्था हा आहे. कॅन्ससमधल्या मॅकफर्सन कॉलेजमध्ये जुन्या गाड्यांच्या जीर्णोद्धाराची चार वर्षांची पदवी मिळते. १९७६ मध्ये एका संग्राहकाने दान केलेल्या गाड्यांवरच तो अभ्यासक्रम सुरू झाला. एवढं लांब जायचीही गरज नाही. जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा ऑटो विभाग, गावच्या हायस्कूलचं ऑटो शॉप यांच्याकडे चौकशी करा. सरकारी शाळा-कॉलेजला सार्वजनिक कामासाठी दिलेली देणगीही वजावटीस पात्र असते. कार्ब्युरेटर उघडून जुळवायला शिकवण्यासाठी जुनी गाडी सोन्यासारखी. उलट काही विभागांना नवीच गाडी हवी असते, कारण आज नोकरी मिळते ती संगणकावर बिघाड शोधणाऱ्याला. माझी फायरबर्ड अशाच एका कॉलेजात गेली. तिच्या इंजिनाखाली वाकलेली १९ वर्षांची मुलं पाहिली तेव्हा मंगळवारचा ट्रक रद्द केल्याचं फार बरं वाटलं.

तिसरा मार्ग नेहमीच्या धर्मादाय संस्थांचा: हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी, सार्वजनिक रेडिओ केंद्रं वगैरे. यांतल्या बऱ्याच जणी गाड्या स्वतः हाताळत नाहीत; मध्यस्थ संस्था गाडी उचलते, लिलावात विकते, आपला खर्च कापते आणि उरलेलं पाठवते. घटलेल्या किमतीची नवी गाडी किंवा वारसाची गाडी असेल तर हा मार्ग चालेल. फक्त दोन प्रश्न विचारा. विक्रीच्या रकमेतले किती टक्के संस्थेला पोहोचतात? आणि गाडी कुठल्या लिलावात जाणार? डीलर लोकांच्या घाऊक लिलावात बिचारी जीटीओ पाच वर्षांच्या सेडानांच्या रांगेत उभी राहिली, तर तिथे तिचं नाव जाणणारा माणूसही नसतो. जुन्या गाड्यांसाठी वेगळी वाट असेल तरच द्या. एक गंमत लक्षात ठेवा: वजावट एकूण विक्रीवर मिळते, संस्थेच्या हाती काय उरलं त्यावर नाही. त्यामुळे संस्थेला अर्धेच पैसे मिळाले तरी तुमच्या फॉर्मवर ते दिसत नाही. ते तुम्हीच विचारायचं असतं.

मोठ्या लिलावघरांच्या धर्मादाय विक्रीच्या बातम्या वाचून भुलू नका. २०२० च्या जानेवारीत स्कॉट्सडेलला बॅरेट-जॅक्सनमध्ये नव्या मिड-इंजिन कॉर्व्हेटची पहिली गाडी ३० लाख डॉलरला गेली आणि पैसे डेट्रॉइट चिल्ड्रन्स फंडला मिळाले. ती जनरल मोटर्सची गाडी होती, बोली लावणारे अब्जाधीश होते. तुमच्याआमच्या गाडीला तो मंडप नाही.

चौथा मार्ग: स्वतः विका आणि रोख द्या. वाढलेल्या किमतीवर कॅपिटल गेन्स टॅक्स लागतो खरा, पण उरलेली सगळी रक्कम रोख देणगी म्हणून दाखवता येते, आणि ती तुम्हाला हव्या त्या संस्थेला देता येते. आपल्या लोकांसाठी हे विशेष महत्त्वाचं. पुष्कळांना वाटतं की गाडीचे पैसे गावच्या शाळेला किंवा माहितीतल्या आश्रमाला जावेत. भारतातल्या ट्रस्टला थेट दिलेली देणगी अमेरिकेच्या करात वजा होत नाही. तिकडे काम करणारी, पण इकडे ५०१(सी)(३) (करमुक्त धर्मादाय) म्हणून नोंदलेली संस्था गाठावी लागते. आपली महाराष्ट्र मंडळंही अनेक ठिकाणी तशी नोंदलेली आहेत, पण मंडळाच्या खजिनदाराला अंगणात उभी चारशे क्युबिक इंचांची गाडी नको असते. त्याला चेक द्या.

तिसरी पायरी: खातरजमा

हे दहा मिनिटांचं काम आहे आणि लोक तेच टाळतात. आयआरएसच्या संकेतस्थळावर करमुक्त संस्था शोधण्याची सोय आहे. तिथे संस्थेचं नाव किंवा ईआयएन (करखात्याने दिलेला ओळखक्रमांक) टाका. सरकारी शाळा-कॉलेजं आणि चर्चसारख्या संस्था त्या यादीत नसू शकतात; बाकी कोणाचं नाव सापडलं नाही तर विषय संपला. मग चॅरिटी नॅव्हिगेटर किंवा कँडिडवर संस्थेचे ताळेबंद बघा. मिळतीजुळती नावं घेऊन फिरणारे बरेच असतात, म्हणून नावापेक्षा क्रमांकावर भर.

"पूर्ण बाजारभावाएवढी वजावट हमखास" असं जाहिरातीत लिहिलं असेल तर दूर राहा. ते आश्वासन देणं त्यांच्या हातातच नाही. गाडीच्या बदल्यात सहलीचं कुपन देतात तिथेही सावध, कारण कुपनाची किंमत वजावटीतून कमी होते.

चौथी पायरी: कागद

सगळ्यात आधी टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद. ते तुमच्याच नावावर आहे ना, जुन्या कर्जाचा बोजा त्यावर दिसत नाही ना, ते बघा. कर्ज फेडून वीस वर्षं झाली तरी बँकेचं नाव तसंच राहिलेलं मी पाहिलंय. मुक्तीपत्र मागवावं लागतं. लीजवरची गाडी तुमची नाहीच, ती दान करता येत नाही. मालक हयात नसेल तर सहसा न्यायालयाने नेमलेला मृत्युपत्राचा व्यवस्थापक सही करतो; मुलगा आहे म्हणून मुलाने परस्पर करायची नाही, आधी राज्याचा नियम बघा.

सही करताना घेणाऱ्याची जागा कोरी सोडू नका. ट्रकवाला म्हणेल, "नुसती सही करा, बाकी आम्ही भरू." नाही म्हणा. कोऱ्या टायटलवर गाडी तीन हात फिरते, आणि कुठे अपघात झाला की पोलीस तुमच्या दारात. संस्थेचं नाव, तारीख आणि लागत असेल तर मायलेज भरून घ्या. ओडोमीटरची लेखी नोंद २०११ आणि त्यापुढच्या मॉडेलना लागते. जुन्यांना केंद्राच्या नियमाने सूट आहे.

मग राज्याला कळवा. कॅलिफोर्नियात मालकी सोडल्याची सूचना डीएमव्हीला (राज्याच्या वाहनखात्याला) पाच दिवसांत द्यावी लागते आणि नंबर प्लेट सहसा गाडीबरोबर जाते. आमच्या मिशिगनात डीएमव्ही नाही, ते काम सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीत चालतं, आणि प्लेट मालकाची असते, ती काढून ठेवायची. न्यू जर्सीत प्लेट परत करायची असते. ती केल्याशिवाय विमा रद्द करू नका. एकूणच विमा सगळ्यात शेवटी.

जुन्या गाडीची जन्मकुंडली हा वेगळाच आनंद आहे. १९८१ पासून सगळ्यांना १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळखक्रमांक, आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. क्रायस्लरच्या १९७० च्या क्रमांकात पाचवं अक्षर आर असेल तर ती कारखान्यातून ४२६ हेमी इंजिन घेऊनच निघाली. जेएस२३आर०बी अशी सुरुवात दिसली तर खुर्चीत नीट बसा: चॅलेंजर हार्डटॉप, हेमी, १९७०, हॅमट्रॅमकचा कारखाना. उलट शेव्हेलचा १९७० चा क्रमांक ती खरी एसएस (दांडग्या इंजिनाची आवृत्ती) आहे की नंतर बिल्ला चिकटवलेली साधी मालिबू, हे सांगतच नाही. माझ्या फायरबर्डचंही तेच. ती ४०० आहे हे सिद्ध करायला पोंटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून जुन्या बिलाची प्रत मागवावी लागली. फोर्डवाल्यांसाठी तसाच मार्टी रिपोर्ट असतो. मोपारवाल्यांनी (म्हणजे क्रायस्लरवाल्यांनी) सीटच्या स्प्रिंगांत हात घालून बघावा, कारखान्यातली ब्रॉडकास्ट शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्याचा कागद, पुष्कळदा तिथे अडकलेली सापडते, उंदरांनी सोडली असेल तर. इंजिन ब्लॉकवरचा छापील क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळला की "नंबर्स मॅचिंग". त्या दोन शब्दांनी किमतीत मोठा फरक पडतो, म्हणून छापाचा स्वच्छ फोटो काढा. रंग देताना व्हीआयएनची पट्टी मात्र कधीही उचकटू नये. तो गुन्हा ठरू शकतो.

आणि पावत्या! घर बदलताना मी बायकोच्या आग्रहाखातर एक खोकं टाकून दिलं. नंतर १४ हजारांच्या खर्चापैकी जेमतेम ८ हजारांच्या पावत्या हाती लागल्या. मला पूर्ण बाजारभावाची वजावट मिळणार होती म्हणून निभावलं. गाडी लिलावात गेली असती तर बेसिस तिथेच सहा हजारांनी घसरला असता. (खोक्याचा विषय आमच्या घरात अजून काढत नाहीत.)

पाचवी पायरी: किंमत ठरवणं

संस्था गाडी विकणार असेल आणि वजावट विक्रीच्या रकमेपुरतीच असेल, तर आधी मूल्यांकन करून घेण्याची सक्ती नाही. पण संस्था गाडी ठेवणार असेल आणि तुम्ही ५ हजार डॉलरच्या वर वजावट मागणार असाल, तर पात्र मूल्यांककाचा लेखी अहवाल लागतोच. तो दानाच्या आधी ६० दिवसांहून जुना चालत नाही, आणि रिटर्न भरायच्या मुदतीच्या आत हातात हवा. मूल्यांककाची फी गाडीच्या किमतीच्या टक्क्यांत ठरलेली नसावी. तशी असेल तर अहवालच बाद. गाडी घेणारी संस्था किंवा तुम्हाला गाडी विकणारा डीलर मूल्यांकक होऊ शकत नाही.

स्वतः अंदाज घ्यायचा असेल तर हॅगर्टीचं मूल्यदर्शक बघा. तिथे स्थितीचे चार दर्जे आहेत: पहिला म्हणजे स्पर्धेत मिरवणारी, चौथा म्हणजे चालते पण डाग-गंज दिसतात. प्रत्येक मालकाला आपली गाडी दुसऱ्या दर्जाची वाटते. ती तिसऱ्या दर्जाची असते. लिलावांतले मागितलेले नव्हेत, प्रत्यक्ष मिळालेले भाव बघा. फुगवलेल्या किमतीला दंड आहे: खऱ्या किमतीच्या दीडपट किंवा जास्त दाखवली तर बुडालेल्या कराच्या २० टक्के, दुप्पट किंवा जास्त दाखवली तर ४० टक्के.

सहावी पायरी: गाडी निघण्याआधी

जुनी गाडी बंद असली तरी बहुतेक संस्था घेतात, पण तसं आधी सांगा. चाकं फिरत नसतील तर गाडी दोरखंडाने ओढून वर घेणारा, विंच बसवलेला ट्रक लागतो. दोन वर्षं पडून राहिलेलं पेट्रोल काढून टाका. सुटे भाग, मूळ चाकं, जुनं कार्ब्युरेटर, पुस्तिका, सगळं गाडीबरोबर द्या, आणि त्यांची यादी पावतीवर लिहून घ्या. चांगली गाडी लांब जाणार असेल तर बंद ट्रकचा आग्रह धरा.

नव्या गाडीचं काम वेगळं. मोबाइलची जोडणी आणि घरचा पत्ता पडद्यावरून पुसा, कंपनीच्या ॲपमधून गाडी काढून टाका, टोल भरणारा ई-झेडपास आणि गॅरेजचा रिमोट काढा. आमच्या एका मित्राच्या ई-झेडपासने दान झाल्यावर दोन पूल ओलांडले. हेलकॅट असेल तर दोन्ही किल्ल्या द्या: लाल किल्लीने पूर्ण ७०७ अश्वशक्ती मिळते, काळीने ५०० च. लाल किल्ली आठवण म्हणून ठेवून घेतली तर संस्थेला लंगडा घोडा मिळेल. २००५ आणि नंतरच्या काही मस्टँग, चार्जर आणि चॅलेंजरमध्ये टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅग आहेत. एनएचटीएसएच्या (केंद्राच्या वाहनसुरक्षा खात्याच्या) संकेतस्थळावर व्हीआयएन टाकून बघा, डीलर त्या फुकट बदलून देतो. हे काम दानाआधी करा, दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका.

ट्रक आला की चारी बाजूंचे, ओडोमीटरचे, व्हीआयएनचे आणि सही केलेल्या टायटलचे फोटो काढा. ड्रायव्हरकडून तारीख-वेळ घातलेली पोच घ्या.

सातवी पायरी: फॉर्म

५०० डॉलरच्या वरच्या वजावटीसाठी संस्थेकडून १०९८-सी फॉर्म यायला हवा. गाडी विकली तर विक्रीपासून ३० दिवसांत, ठेवली तर दानापासून ३० दिवसांत. तो नसेल तर वजावट नाही, इतकं सरळ आहे. आला की ४सी चौकटीत विक्रीची रक्कम आहे का, की ५ए वर खूण आहे, ते बघा. ५ए म्हणजे संस्था गाडी भरीव वापराआधी किंवा मोठी सुधारणा केल्याआधी विकणार नाही अशी हमी. हे "भरीव" हलकं नसतं: धुणं, रंगवणं, किरकोळ दुरुस्ती यांना सुधारणा म्हणत नाहीत, आणि दोन-चार फेऱ्या हा वापर नव्हे. आयआरएसच्या उदाहरणात संस्था वर्षभर रोज गरजूंना जेवण पोहोचवते. आता गॅलनला आठ मैल देणाऱ्या शेव्हेलमधून जेवणाचे डबे कोण वाटणार? म्हणूनच जुन्या गाडीला संग्रहालय किंवा वर्ग हवा.

गाडी ५०० किंवा कमी डॉलरला विकली गेली तर बाजारभाव आणि ५०० यांतला कमी आकडा धरता येतो. ५०० च्या वर गेलात की ८२८३ फॉर्म लागतो. विक्रीच्या रकमेवर थांबत असाल किंवा ५ हजारांच्या आत असाल तर त्याचा ए भाग; मूल्यांकनावर आधारून ५ हजारांच्या वर मागत असाल तर बी भाग, ज्यावर मूल्यांकक आणि संस्था दोघांच्या सह्या लागतात. सह्यांसाठी एप्रिलपर्यंत थांबू नका. कॉलेजातला ज्या माणसाला सहीचा अधिकार असतो तो नेमका तेव्हाच सुट्टीवर जातो. वाढलेल्या किमतीची पूर्ण वजावट घेत असाल तर एका वर्षात उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंतच ती वापरता येते. उरलेली पुढच्या पाच वर्षांत.

फाइल लगेच माळ्यावर टाकू नका. संस्थेने तीन वर्षांच्या आत गाडी विकली तर ती ८२८२ फॉर्म भरून आयआरएसला कळवते, त्याची प्रत तुम्हाला येते, आणि बेसिसच्या वरची वजावट परत उत्पन्नात धरावी लागू शकते. मी कॉलेजकडून आधीच लेखी घेतलं होतं की तीन वर्षं गाडी वर्गातच राहील. दर ऑगस्टला वुडवर्डवर जाताना वाट वाकडी करून त्यांच्या शॉपमध्ये डोकावतो. गेल्या खेपेला इंजिन बाहेर काढून स्टँडवर ठेवलं होतं आणि कोणीतरी व्हॉल्व्ह कव्हरवर खडूने लिहिलं होतं: "हात लावू नका, आमचं अजून चाललंय."